बिनब्रेकच्या सायकलीची भूमिती

किन्हवलीच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा मला सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे घडलं त्यात मी सायकलींचे कोन ठरवत होते, नळ्या कुठे कापायच्या ते एका मिस्त्रीला सांगत होते, आणि माझ्या या गुणाची कोणालाही कल्पना नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वाशिंदहून शहापूर आणि शहापूरहून एसटीने किन्हवली अशी रोज येत असे. नववी आणि दहावीचं बीजगणित, भूमिती माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. हेडसर पन्नाशीचे, पोट जरा पुढे, बोलणं नेहमी भाषणासारखं.

"बाई, पोलो माहीत आहे?"

"घोड्यावर बसून खेळतात तो?"

"घोडे सोडा. सायकलवरचा." त्यांनी एक पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "मुलींचा संघ पाठवायचाय. आता मला सांगा, कबड्डीला जिल्ह्यात किती संघ उतरतात?"

"पुष्कळ."

"खो-खोला?"

"पुष्कळ."

"आणि ह्याला मुलींचे संघ आहेत एक. आपला धरला तर दोन. म्हणजे आपण नुसतं मैदानावर जाऊन उभे राहिलो तरी जिल्ह्यात दुसरे." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की ढाल कपाटात ठेवायला जागा कुठे करायची हे त्यांनी ठरवूनच टाकलं असावं.

मी म्हटलं, "पण सर, हे खेळाच्या सरांचं काम."

खेळाच्या सरांनी पत्रक आधीच वाचलं होतं. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की या सायकलींना ब्रेक नसतो आणि पॅडल थांबवता येत नाही, चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरत राहतं. ते वाचून सरांची कंबर धरली होती, ती मार्चपर्यंत सुटली नाही.

"आणि हे बघा," हेडसर म्हणाले. पत्रकाला जोडलेल्या पानावर एका सायकलीचं चित्र होतं. "वर काय लिहिलंय?"

"फ्रेम जॉमेट्री."

"जॉमेट्री म्हणजे?"

"भूमिती."

"आपल्या शाळेत भूमिती कोण शिकवतं?"

मी पान घेऊन बाहेर आले.

ते पान झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. सायकलीवर बारीक रेघा ओढलेल्या, बाण काढलेले, कोन दाखवलेले. पण आकडे पुसट झाले होते. पुढच्या नळीचा कोन सत्तरच्या घरातला होता एवढं कळत होतं. सातच्या पुढचा आकडा एक होता, चार होता की सात, हे उन्हात धरूनही कळेना. म्हणजे कोन माझा मलाच निवडायचा होता.

किन्हवलीच्या बाजारात एसटी थांब्याच्या पुढे एका मिस्त्रीचं दुकान होतं. पावसाळ्यात ते भातशेती करायचे आणि दिवाळीनंतर सायकली दुरुस्त करायचे. खिडक्यांच्या जाळ्या, नांगराचे फाळ, पिंपाची झाकणं, जे वेल्डिंगने जोडता येईल ते सगळं ते जोडून द्यायचे. उंच, काटक, कानाला नेहमी अर्धवट विडी. मी जाऊन त्यांना चित्र दाखवलं.

"मिस्त्रीकाका, आपल्याला अशी सायकल बनवायची आहे. आधी हा कोन बघायला लागेल."

त्यांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "सायकलला कोन नसतो बाई. सायकलला चाकं असतात."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक काखेत घेऊन दुकानात गेले. तो बाजाराचा दिवस होता. मी ओळंबा मागितला, एका जुन्या सायकलच्या हँडलखाली धरला आणि वाकून कोन मोजायला लागले. एवढ्यात दहा-बारा माणसं जमली. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया उभ्या राहिल्या. एक म्हातारबाबा मिस्त्रींना विचारू लागले, "कोन हाय ही? सायकलची डागदरीन हाय काय?"

"मास्तरीन हाय," मिस्त्री म्हणाले. "ताप बगते."

ताप सदुसष्ट अंश निघाला.

आता ज्यांनी सायकल कधी निरखून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलच्या फ्रेममध्ये मुख्य नळ्या चार. एक वरची आडवी, एक खालची तिरपी, एक सीटखालची उभी, आणि पुढे हँडल जिच्यात फिरतं ती आखूड नळी. ही पुढची नळी किती तिरकी आहे यावर सायकलचा स्वभाव ठरतो. ती आरामखुर्चीसारखी मागे रेललेली असेल तर सायकल शांत, सरळमार्गी आणि आळशी. जितकी ताठ कराल तितकी चपळ आणि तिरसट. दोन चाकं जितकी जवळ तितकी ती लहान जागेत वळते. पोलोत सारखं वळायचं असतं, म्हणजे आपल्याला नळी ताठ हवी आणि चाकं जवळ हवीत. एवढं मला चित्रावरून समजलं होतं. मी चौऱ्याहत्तर अंश निवडले. सातच्या पुढे एक, चार किंवा सात असेल तर मधला धरावा, असं माझं गणिती डोकं म्हणालं.

"पुढचं चाक मागे आणायचंय ना," मी मिस्त्रींना म्हटलं, "मग वरची नळी दोन इंच कापा. आपोआप मागे येईल."

यावर मी गणित केलं नाही. इतक्या सोप्या गोष्टीला गणित कशाला, असं मला वाटलं. बी.एस्सी.ला गणितात फर्स्ट क्लास होता माझा.

मिस्त्रींनी भंगारातली एक फ्रेम काढली, वरची नळी कापली, वेल्डिंग केलं, चाकं चढवली. आठवड्याने सायकल शाळेच्या मैदानावर आली. संघात येऊ बघणाऱ्या मुली जमल्या होत्या. त्यात नववीतली एक मुलगी होती, मुरबाडच्या बाजूच्या डोंगरातल्या एका गावची. शिकायला म्हणून मामाकडे किन्हवलीत राहत होती. बुटकी, केसांना घट्ट दोन वेण्या, भूमितीत कशीबशी पास होणारी. पण मामाची चोवीस इंची सायकल नळीखालून पाय घालून चालवत ती सगळा बाजार हिंडायची. साहजिकच पहिली तीच बसली.

सायकल झकास निघाली. सरळ गेली. मुलीने हँडल वळवलं, सायकलने ते मनावर घेतलं नाही. तिने अजून वळवलं. शेवटी मैदानाच्या टोकाला गोलपोस्टच्या पलीकडून, शाळेच्या कुंपणाच्या कडेकडेने, बसची वाट बघणाऱ्या लोकांना दर्शन देत ती एक भलामोठा वळसा घालून परत आली.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "ही वलतंच नाय."

मिस्त्रींनी सायकलला लांबून बघितलं. पुढचं चाक मागे येण्याऐवजी पुढे गेलं होतं. हँडल छातीशी आणि चाक तिकडे लांब.

"सरलगावला जायला बरी हाय," ते म्हणाले. सरळगाव आमच्याकडून मुरबाडला जाताना लागतं. मुली फिदीफिदी हसल्या. मी हसले नाही.

रात्री झोप लागली, पण सकाळी एसटीत मी वहीवर आकृत्या काढत बसले आणि चूक कुठे झाली ते मला कळेना. खड्ड्यांमुळे रेघा वाकड्या येत होत्या, त्यामुळे दोष गाडीला देता येत होता. वर्गात गेले तर ती बुटकी मुलगी टेबलाशी उभी. तिच्या हातात कारवीच्या चार काड्या होत्या. कारवी म्हणजे डोंगरात उगवणारं काठीसारखं झुडूप. तिच्या गावातली निम्मी घरं कारवीच्या कुडाची, त्यामुळे कारवी बांधायला तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं. चार काड्या तिने सुतळीने बांधून सायकलच्या फ्रेमसारखा चौकोन केला होता.

"बाई, मी दाखवू?"

"दाखव."

"ही वरची काठी आकूड केली ना, का वरचं टोक मागं जातं. पन खालचं तिथंच ऱ्हातं. मंग पाय पुढंच जातात ना? आपन खुर्चीत मागं रेलतो तसं." तिने सुतळी सोडून वरची काडी सरकवली. पुढची काडी मागे रेलली. अगदी मिस्त्रींच्या सायकलसारखी. "आता वरची ऱ्हाऊ द्या. खालची आकूड करा." तिने खालची तिरपी काडी सरकवली, आणि पुढची काडी ताठ उभी राहिली.

चौकोनाची एक बाजू कमी केली तर कोणता कोन वाढतो आणि कोणता घटतो, हा धडा मी सहा वर्षं शिकवत होते. माझ्यासमोर अठ्ठेचाळीस मुलं बसली होती. मनात आलं, म्हणावं, "हेच मी तुम्हाला विचारणार होते." ते वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

"मी चुकले," मी म्हटलं. "हिचं बरोबर आहे."

पहिल्या बाकावरची एक मुलगी फार मनापासून सगळं वहीत उतरवून घेणारी होती. तिने पेनचं टोपण काढलं आणि लिहून घेतलं. नंतर मी वह्या तपासायला घेतल्या तेव्हा तारीख घालून, अधोरेखित करून लिहिलेलं सापडलं : बाई चुकल्या.

मधल्या सुट्टीत ती बुटकी मुलगी परत आली. म्हणाली, "बाई, तुमी एकदा त्या सायकलवर बसून बगा ना. म्हंजी कुठं जड लागतंय ते तुमाला कलंल."

"साडी आहे माझी."

"उद्या ड्रेस घालून या."

"उद्या गुरुवार, माझा उपास असतो." उपासाचा आणि सायकलचा काय संबंध ते मलाही सांगता आलं नसतं.

तिने इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, कोणी ऐकू नये म्हणून, म्हणाली, "बाई, येत नाय काय तुमाला?"

त्या मुलीने ही गोष्ट फक्त एकाच माणसाला सांगितली आणि तो माणूस म्हणजे मिस्त्री. शनिवारी शाळा लवकर सुटली. मला भात गिरणीमागच्या अंगणात बोलावण्यात आलं. तिथे ती सरळगावची सायकल उभी होती. मिस्त्रींनी तिला ब्रेक लावले होते, घंटीसुद्धा लावली होती.

"बसा बाई," ते म्हणाले. "ह्या सायकलवरून कोन पडूच शकत नाय. हिला वाकडं जाताच येत नाय."

मी बसले आणि पडले. चाक फिरण्याआधीच, उभ्या सायकलवरून, डाव्या बाजूला. गिरणीतून कोंड्याने माखलेली दोन डोकी बाहेर आली आणि आत गेली. मिस्त्रींनी विडी कानावरून काढून परत कानावर ठेवली. "चालतीवरून म्हनलो मी," ते म्हणाले.

पुढे मात्र त्यांचंच खरं झालं. पुढचं चाक इतकं पुढे होतं की मी कितीही थरथरले तरी सायकल आपली सरळ चालत राही. मुलगी मागे सीट धरून पळत होती. तिने केव्हा सोडली ते कळलं नाही. अंगणाच्या टोकाला कोंड्याचा ढीग होता, तिथे जाऊन मी ब्रेक दाबला आणि मागे बघितलं तर ती लांब उभी होती, दोन्ही हात कमरेवर. माझं वय तेव्हा एकतीस. मला इतका आनंद झाला की मी एकटीनेच घंटी वाजवली. दोन-तीन शनिवारांत मी अंगणाबाहेर जाऊ लागले. मग पुढची नळी ताठ म्हणजे काय आणि रेललेली म्हणजे काय, हे मला मनगटांत समजायला लागलं. रेललेली नळी म्हणजे सायकल तुम्हाला घरी नेते. ताठ नळी म्हणजे तुम्ही सायकलला न्यायचं.

इकडे दुसऱ्या सायकलचं काम निघालं. हेडसरांनी स्कूटर घेतली होती, त्यामुळे त्यांची जुनी सायकल पडून होती. ती त्यांनी प्रार्थनेच्या वेळी, पंधरा मिनिटांचं भाषण करून, शाळेला अर्पण केली. मिस्त्रींनी तिची खालची नळी कापून आखूड केली, मागचं चाक सीटखाली ओढून घेतलं आणि पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील वेल्डिंगने जाम करून टाकलं. ब्रेक काढले. कोन मोजला. त्र्याहत्तर. एक अंश वेल्डिंगमध्ये गेला, असं मिस्त्री म्हणाले.

आम्ही ती आधी गुपचूप चालवून बघणार होतो. पण हेडसरांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर उद्घाटन ठेवून टाकलं. सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी. हेडसर नारळ फोडून सायकलकडे वळले आणि म्हणाले, "पहिली फेरी मी मारणार."

मी पुढे झाले. "सर, ही जरा वेगळी आहे. पॅडल थांबत नाही हिचं."

"बाई, वीस वर्षं चालवलीय मी ही. माझीच सायकल मला शिकवता?"

ते बसले, पॅडल मारलं आणि निघाले. पहिले वीस हात सगळं सुरळीत. मग सवयीप्रमाणे त्यांनी पाय थांबवले. पॅडल थांबलं नाही. त्याने त्यांचे पाय उचलून पुढे ढकलले. हेडसर दचकून ब्रेक शोधू लागले. जिथे ब्रेक असायचा तिथे नुसतं हँडल होतं. त्यांनी हँडल जरासं, अगदी बोटभर वळवलं, आणि सायकल गर्रकन वळून झेंड्याच्या चौथऱ्याकडे गेली.

मग ते चौथऱ्याभोवती फिरू लागले. थांबता येत नव्हतं आणि सरळ करायला गेलं तर सायकल मुलांच्या रांगांकडे बघत होती, त्यामुळे वळत राहणं एवढंच त्यांच्या हातात होतं. गुडघे वरखाली होत होते, टाय खांद्यावर गेला होता. हेडसर होते, त्यामुळे कोणी हसेना. सहाशे मुलांच्या माना तेवढ्या त्यांच्याबरोबर फिरत होत्या. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालतात तशा त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "विद्यार्थिमित्रहो, घाबरू नका." पाचव्या फेरीला म्हणाले, "मिस्त्री!" सातव्या फेरीला त्यांनी झेंड्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. ते तिथे राहिले, सायकल पुढे गेली.

खाली उतरवून बघितलं तर दुखापत काही नव्हती, पण उजव्या बुटाचं पुढचं टोक फाटलं होतं. वळताना त्यांचा पाय पुढच्या चाकाला घासत होता. चाक इतकं मागे आणलं होतं की पॅडलवरचा पाय आणि चाक एकमेकांना भेटत होते. शिवाय सायकल कलली की आतल्या बाजूचं पॅडल जमिनीला टेकत होतं, चौथऱ्याभोवती मातीत त्याच्या खुणा उमटल्या होत्या. म्हणजे एक दुखणं बरं केलं तर दोन नवी निघाली. चाक पुढे ढकललं तर पाय सुटेल, पण सायकल वळणार नाही. फ्रेम उंच केली तर पॅडल टेकणार नाही, पण बुटक्या मुली चढणार कशा? मी दोन दिवस वहीत त्रिकोण काढले. रद्दीत जाण्याइतके काढले.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेले तर मिस्त्री त्याच सायकलवर बसून दुकानापुढे आठाचा आकडा काढत होते. पाय घासत नव्हता. पॅडल टेकत नव्हतं.

"काय केलंत काका?"

"काय नाय. त्या पॅडलच्या दांड्या वाकवल्या व्हत्या हेडसरांनी. माझ्याकडं दुसऱ्या नव्हत्या. लहान पोरांच्या सायकलच्या पडल्या व्हत्या, त्या लावल्या तुमी येस्तवर."

पॅडलच्या दांड्या बोटभर आखूड. त्यामुळे पाय पुढे तेवढा जात नव्हता आणि पॅडल खाली तेवढं येत नव्हतं. दोन्ही दुखणी एका झटक्यात गेली होती. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, आकृती काढून. त्यांनी ऐकून घेतलं. "आसंल," ते म्हणाले.

त्यानंतर मी मुलींना शाळेच्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि फळ्याच्या पट्टीने पायांची लांबी मोजली. खेळायच्या चौघींच्या चार तऱ्हा होत्या, म्हणून सीटखालची नळी प्रत्येकीसाठी वेगळी कापली. चार जुन्या फ्रेमच्या चार सायकली झाल्या. एक हिरवी, एक गंजकी, हेडसरांची काळी, आणि बुटक्या मुलीची निळी, जी दारांना लावायच्या उरलेल्या रंगाने रंगवली होती. बांबूच्या काठ्यांना बाभळीचे ठोकळे बसवून पोलोच्या काठ्या केल्या. महिनाभर मुली रोज शाळा सुटल्यावर खेळत होत्या. बिनब्रेकच्या सायकलवर थांबायचं म्हणजे पायांनी पॅडल मागे रेटायचं. ते त्या शिकल्या. हेडसर ऑफिसच्या खिडकीतून बघत, पण चौथऱ्याच्या अलीकडे येत नसत.

सामना मुरबाडला होता. आम्ही टेम्पोत सायकली भरल्या आणि सायकलींच्या मध्ये आम्ही बसलो. मिस्त्री पान्हे घेऊन पुढे. मैदानावर दुसरा संघ आधीच आलेला. शहराकडची शाळा. चार सायकली एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र, तयार विकत आणलेल्या. मुलींचे टीशर्टही पांढरे. आमच्या मुलींनी आपल्या सायकली टेम्पोतून उतरवल्या तेव्हा त्यांच्यातली एकजण दुसरीला म्हणाली, "ही बघ, हिची सीट केवढी खाली." आमच्या बुटकीने ऐकलं. वेण्या परत घट्ट बांधल्या.

पहिली काही मिनिटं आमच्या मुली फारच सभ्यपणे खेळल्या. कोणी समोरून आलं की बाजूला होऊन वाट द्यायच्या. "सरक गो," "जा तू," असं चाललं होतं. तेवढ्यात आमच्यावर दोन गोल झाले. मिस्त्री रेषेबाहेरून ओरडले, "अगो, पावनी हायेत काय ती? आडवी जा!"

मग आमच्या मुलींना सायकली आठवल्या. चेंडू कुठेही जावो, पांढऱ्या सायकली वळसा घालून यायच्या आणि आमच्या जागच्या जागी फिरून तिथे हजर असायच्या. एक गोल झाला. दुसरा बुटकीने केला. दोघी अंगावर आलेल्या असताना ती अशी वळली की त्या दोघीच एकमेकींवर आदळल्या. पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवायची विसरले. मी उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते हेडसरांनी नंतर सांगितलं. "त्र्याहत्तर! त्र्याहत्तर!" असं.

मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. बरोबरी होती. शेवटची दोन मिनिटं राहिली असतील. बुटकीला चेंडू मिळाला, समोर तिघी. ती एका हाताने हँडल ओढून गर्रकन पूर्ण मागे वळली, तिघींना तिथेच सोडलं आणि मोकळ्या मैदानातून चेंडू घेऊन सुसाट निघाली. समोर कोणीही नाही. आम्ही हात वर केले. मग आमचे हात हळूहळू खाली आले. ती आमच्याच गोलकडे चालली होती. बाजू बदलल्याचं ती विसरली होती. आमच्या बाकीच्या तिघी मागून ओरडत होत्या, पण आमच्या सायकलींवर तिला गाठणं कोणाला शक्य नव्हतं. तिने फार सुंदर फटका मारला.

तीन-दोन. आम्ही जिल्ह्यात दुसरे आलो.

ती मैदानातून बाहेर आली तेव्हा मला वाटलं रडत असेल. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे कोरडे. "बाई," ती म्हणाली, "पन वलली कशी, बगितली ना?"

"बघितली," मी म्हटलं.

निवड करणाऱ्यांनीही बघितलं होतं. राज्याच्या स्पर्धेला जायच्या जिल्ह्याच्या संघात तिला घेतलं. त्यांनी पांढरी सायकल देऊ केली. ती म्हणाली, माझी नेते. दुसऱ्या संघाच्या सरांनी त्या निळ्या सायकलपाशी येऊन बराच वेळ बघितलं आणि मिस्त्रींना विचारलं, "हा अँगल किती ठेवलाय?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "त्यांना इचारा. ताप त्या बगतात."

राज्याच्या स्पर्धेत जिल्ह्याचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. पुढल्या वर्षी मुलींच्या सायकल पोलोचं पत्रक आलं नाही. खेळाच्या सरांची कंबर सुधारली. चार सायकलींची फ्रीव्हील मिस्त्रींनी बदलून दिली, ब्रेक लावले, आणि शाळेने लांबून येणाऱ्या चार मुलींना वापरायला दिल्या. सायकलींना कॅरिअर बसत नव्हतं, आणि दप्तर हँडलला अडकवलं की सायकल दप्तराच्या बाजूला वळायची. तरी चालवल्या त्यांनी, दोन-तीन वर्षं.

ती बुटकी मुलगी दहावी पास झाली. भूमितीत तिला फार काही मार्क पडले नाहीत, हे मी मोठ्या खेदाने सांगते. चौकोन तिला हातात कळायचा, कागदावर नाही. मामाचं म्हणणं होतं, शिवणकाम शिकावं. मी आणि मिस्त्री दोघं मामाकडे गेलो. मी तासभर बोलले. मिस्त्री एकच वाक्य बोलले, "माझ्याकडं पाठव, न्हायतं आयटीआयला पाठव." मामाने आयटीआय निवडलं. फिटरच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढे वाशिंदच्या एका कारखान्यात लागली.

दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी माझ्या मुलीला नवी सायकल घेऊन दिली होती आणि वाशिंद स्टेशनजवळून आम्ही दोघी घरी चाललो होतो. ती पुढे सायकलवर, मी मागे चालत. समोरून कारखान्याची पाळी सुटली. त्या घोळक्यातून निळ्या डगल्यातली एक बुटकी बाई वाट काढत आली. वेण्या कापलेल्या, खिशात स्टीलची पट्टी. मला वाकून नमस्कार केला, एवढ्या लोकांत. मग माझ्या मुलीकडे वळली.

"उतर गो खाली."

मुलगी घाबरून उतरली.

"बाई, काय हो हे? सीट किती खाली हाय हिची. गुडघे जातील पोरीचे." डगल्याच्या खिशातून तिने पान्हा काढला, रस्त्यातच उकिडवी बसली, सीट वर ओढली, माझ्या मुलीला सायकलशेजारी उभं करून कमरेशी हात लावून बघितला, परत दोन बोटं वर ओढली आणि आवळली. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने मान वर न करता हाताने त्याला थांब म्हणून सांगितलं.

"आता बस."

मुलगी बसली. पाय जेमतेम टेकले.

"पडेन मी," मुलगी म्हणाली.

"पड ना," ती म्हणाली, आणि सीटला मागून हात लावून तिला ढकलून दिलं.